भिंतीचा वाटा

आकडा पुन्हा वाढला होता. फार नाही, थोडासाच. पण गेल्या महिन्यात वाढला होता, त्याच्या आधीच्या महिन्यातही वाढला होता, आणि आज सकाळी दोन तास तीनतीनदा मोजूनही तो खाली यायचं नाव घेत नव्हता. तिने छापलेला कागद टेबलावर पालथा घातला आणि खुर्चीत मागे रेलली.

“नळी रुसली वाटतं,” पंपाच्या तेलाची बाटली घेऊन आलेले पंपकाका म्हणाले. प्रयोगशाळेतले सगळे पंप त्यांच्या हाताखालचे. आवाजावरून ते पंपाची तब्येत ओळखत, आणि माणसांचीही.

“नळी नाही रुसली, काका. मीच कुठेतरी चुकतेय.”

“मग जेवून चूक. उपाशीपोटी चुकलेलं सापडत नाही.”

तिचं काम करायला अवघड असलं तरी सांगायला सोपं होतं. ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचा एक, अशी जोडी म्हणजे हायड्रॉक्सिल. हायड्रोजनचा सुटा अणू ओझोनवर आदळला की ही जोडी तयार होते, आणि शांतपणे तयार होत नाही. स्प्रिंगने जोडलेल्या दोन गोट्या कोणीतरी ताणून सोडून द्याव्यात तशी ती जन्मतःच थरथरत असते. जमिनीपासून जवळजवळ नव्वद किलोमीटर उंचीवर, विरळ हवेत हे सतत चाललेलं असतं. त्या थरथरीतून डोळ्यांना न दिसणारा मंद प्रकाश बाहेर पडतो. उपग्रह तो टिपतात आणि त्यावरून तिथलं तापमान किती, ऑक्सिजन किती, हे ताडतात. पण ही जोडी ऑक्सिजनच्या सुट्या अणूवर आदळली की किती झपाट्याने निवते, हे नीट ठाऊक नसेल तर ते सगळं ताडणं फसतं. हा निवण्याचा वेग जमिनीवर, एका काचेच्या नळीत मोजायचा, एवढंच तिचं काम.

नळी पुरुषभर लांब आणि मनगटाएवढी जाड. एका टोकाने वायू सोडायचे, दुसऱ्या टोकाला पंप ते खेचत राहणार. वायू असा पळायचा की एक सेंटिमीटर अंतर म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. घड्याळाची गरज नव्हती, मोजपट्टी पुरे होती. दोन वर्षं ती त्या नळीशेजारी डोळ्यांत तेल घालून बसली होती, आणि आता तिची नेमणूक संपायला सात महिने उरले होते.

दुपारी तिने कागद सरांपुढे ठेवला. सर म्हणजे तिचे विभागप्रमुख. माणूस भला, पण घाईचा.

“सरासरी काढ आणि लिहायला घे,” ते म्हणाले.

“सर, आकडा वर-खाली होत असता तर सरासरी काढली असती. हा नुसता चढतोय.”

“मग म्हणणं काय तुझं?”

“मला वाटतं नळीची भिंत मध्ये येतेय. जोडी काचेला लागली तरी निवतेच. नळी दुप्पट रुंद घेतली तर भिंत लांब जाईल, आणि भिंतीचा वाटा किती ते कळेल.”

“बाहेर करायला दिली तर नऊ महिने लागतील. मागच्याच आठवड्यात विचारलंय मी दुसऱ्या कामासाठी.” सरांनी चष्मा काढून पुसला. “आणि काय गं, घरात काचमास्तर बसलेले असताना तू माझ्याकडे नळी मागतेस?”

तिने टेबलावरचा कागद उचलून घेतला.

काचमास्तर म्हणजे तिचे वडील. पस्तीस वर्षं याच इमारतीच्या तळघरात त्यांनी काच फुंकली होती. सापासारख्या वेटोळ्या नळ्या, एकात एक तीन भांडी, केसाएवढ्या तोंडाच्या तोट्या. मास्तरांकडे रेखाटन नेलं आणि ते ‘नाही’ म्हणाले असं झालं नव्हतं. लहानपणी शाळा सुटली की ती त्यांच्याच बाकावर गृहपाठ करी. पण दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर त्यांनी तळघराची किल्ली परत केली, ती पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. तिने एकदा विचारून पाहिलं होतं. “डोळे थकले आता,” एवढंच म्हणून त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला होता.

तरी रविवारी ती जुनी नळी दोन चादरींत गुंडाळून, पंपकाकांच्या गाडीत आडवी घालून आईवडिलांकडे घेऊन गेली. नळी करून मागायचा धीर नव्हता. म्हटलं, सांधे दाखवावेत, दोन गोष्टी विचाराव्यात, मग बघू.

“हे काय, प्रयोगशाळाच उचलून आणलीस की काय?” आई दारातून म्हणाली. “अहो, लेक आलीय. तुमची दुसरी लेकही घेऊन आलीय.”

मास्तरांनी नळी ओळखली. त्यांनीच केलेली, निवृत्त होण्याआधीची. त्यांनी ती स्वतः उचलली नाही. तिलाच टेबलावर ठेवायला लावली, एक टोक खिडकीकडे करायला सांगितलं आणि वाकून आतून आरपार पाहिलं. मग दुसऱ्या टोकाने पाहिलं.

“ही आतून आंधळी झालीय,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“बघ ना. मी दिली तेव्हा आत पाण्यासारखी होती. आता धुकं बसल्यासारखी दिसतेय. हे डाग नव्हेत, काच खाल्ली गेलीय. कशाने धुतेस?”

“कॉस्टिक सोड्याने. गरम करून.”

“कितीदा?”

“दर पंधरा दिवसांनी.” तिचा आवाज उतरला. “स्वच्छ राहावी म्हणून.”

“अगं शहाणे,” मास्तर म्हणाले. लहानपणापासून ते तिला याच नावाने हाक मारत, आणि ती किती शहाणपणा करते त्यावर त्यांचा सूर ठरत असे. आजचा सूर हळवा होता. “धुता धुता सोलून काढलीस की तिला. गुळगुळीत भिंत खरखरीत झाली, म्हणजे वाढलीच ना ती?”

नळी नवी असताना तिने भिंतीचा वाटा एकदा मोजला होता, आणि पुढची दोन वर्षं प्रत्येक आकड्यातून तेवढाच वजा केला होता. भिंत तीच, म्हणून वजाबाकी तीच. पण भिंत तीच राहिली नव्हती. दर पंधरा दिवसांनी तिनेच ती बदलली होती. कोणत्या दिवशी भिंतीने किती खाल्लं, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नव्हतं. दोन वर्षांच्या कामावर पाणी पडलं होतं, तेही गरम, सोडा घातलेलं.

“बाबा, मला नवी नळी हवीय. रुंद. तुम्ही कराल?”

“नाही,” मास्तर लगेच म्हणाले. “माझे डोळे…”

“डोळे? आत्ता इथून उभ्या उभ्या तुम्ही दोन वर्षांची चूक पकडलीत!”

ते आतल्या खोलीत निघून गेले. ती स्वयंपाकघरात आली. आई चहा ओतत होती. तिसरा कप तिने अर्ध्यावरच थांबवला.

“हा अर्धाच का?”

“तुझ्या बाबांचा आहे,” आई हलक्या आवाजात म्हणाली. “भरलेला सांडतो. हात हलतो त्यांचा. मला सांगितलंय कोणाला बोलायचं नाही, म्हणून मी बोलत नाहीये. तू नुसता कप बघ.”

तिने कप उचलला आणि आत नेला. मास्तर पलंगाच्या कडेला बसले होते. तिने कप शेजारी ठेवला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसकण मारली.

“हात दाखवा.”

“तुझ्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

“आई काहीच बोलली नाही. दाखवा ना.”

त्यांनी उजवा हात पुढे केला. मोकळा धरल्यावर बोटं हलत होती. वाऱ्यात कागद हलावा तशी, बारीक, न थांबता.

“कधीपासून?”

“नोकरीच्या शेवटच्या वर्षापासून. शेवटच्या नळ्या मी दार लावून केल्या. कोणी बघू नये म्हणून.” ते खाली बघत बोलत होते. “पस्तीस वर्षं लोक म्हणायचे, हात असावा तर मास्तरांसारखा. मग म्हटलं, तेच म्हणत राहू देत. हा बघून कोणी बापडा म्हणायला नको.”

“डॉक्टरांकडे गेलात?”

“नाही. गेलो की ते नाव घेणार. मला त्या आजाराचं नाव ऐकायचं नाहीये.”

तिने तो हात दोन्ही हातांत धरला. धरल्यावर तो पुष्कळ शांत झाला.

“बाबा, उद्या मी सरांकडे जाऊन सांगणार आहे की दोन वर्षांचे आकडे निकामी आहेत आणि चूक माझी आहे. माझेही पाय लटपटतायत. तुम्ही बरोबर चला. मी माझं सांगते, तुम्ही तुमचं सांगा.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. “म्हणजे दोघांची फजिती एकाच फेरीत उरकायची म्हणतेस?”

“पेट्रोल वाचेल.”

ते हसले. पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी तिने सरांच्या टेबलावर दोन याद्या शेजारीशेजारी ठेवल्या. एकीत नळी धुतल्याच्या तारखा, दुसरीत आकडे. दर धुण्यानंतर आकडा एक पायरी चढलेला. रविवारची संध्याकाळ तिने हेच जुळवण्यात घालवली होती. मास्तर दाराशी खुर्चीत बसले होते, हात मांडीखाली दाबून. सरांनी याद्या वरपासून खालपर्यंत वाचल्या, पुन्हा वर आले.

“भिंतीचा वाटा एकदाच मोजायचा, हे कोणी ठरवलं होतं?” त्यांनी विचारलं.

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. “तुम्ही, सर.”

“हं. वेळ वाचेल म्हणालो होतो मी.” सरांनी कागद खाली ठेवले. “म्हणजे निम्मी चूक माझी. आणि छापून झाल्यावर हे दुसऱ्या कोणी काढलं असतं तर सगळी माझी झाली असती. किती दिवस लागतील?”

“नळी मिळाली तर तीन महिन्यांत पुन्हा मोजते. रोज सकाळी आधी भिंत, मग बाकीचं.”

“मास्तर?”

मास्तर उठले. त्यांनी हात मांडीखालून काढला आणि सरांपुढे धरला. “हा असा आहे. जमलं तर करीन. नाही जमलं तर बोल लावायचा नाही.”

सरांनी त्या हाताकडे पाहिलं, खण उघडला आणि तळघराची किल्ली त्यावर ठेवली.

तळघरात दोन वर्षांची धूळ होती. पंपकाकांनी खिडक्या उघडल्या, वायूच्या टाक्या बदलल्या, काचेचा लेथ तेलपाणी करून फिरता केला. या लेथवर नळी दोन्ही टोकांना पकडून सावकाश फिरवत ठेवता येते, म्हणजे ज्योत सगळीकडे सारखी लागते. मास्तरांनी जांभळट काचांचा चष्मा घातला. तापलेली काच पिवळ्या उजेडाने डोळे दिपवते, त्या चष्म्यातून ती शांत दिसते. जुना चष्मा त्यांनी तिला दिला.

लेथवरचं काम सुरळीत झालं. खरी परीक्षा होती ती आडव्या फाट्यांची. नळीच्या अंगाला भोक पाडून त्यावर बोटभर नळ्या जोडायच्या, सात ठिकाणी, आणि तिथे ज्योत हातातच धरावी लागते. मास्तरांनी मनगट टेकवायला लाकडी घोडी करून घेतली. फाटा धरायचं आणि रबरी नळीतून फुंकायचं काम तिच्याकडे आलं.

“फुंक. हळू! फुगा नाही फुगवायचा. थांब. आता जरा. आणखी जरा. बास.”

“बाबा, मला काही दिसत नाही.”

“काच बघ, माझा हात बघू नको.”

ती हाताकडेच बघत होती, हे खरंच होतं. ज्योत घोडीवरही किंचित हलत होती. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं की मास्तर हाताशी भांडत नाहीयेत. हात हलतो तेवढी ज्योत ते थोडी मागे धरत होते, रुंद करत होते, आणि काच जिथे मऊ व्हायला हवी तिथेच मऊ होत होती. चार दिवसांत सातही फाटे बसले. ताण निघून जावा म्हणून नळी भट्टीत घातली, सावकाश निवायला. दुसऱ्या दिवशी दार उघडून नळी बाकावर ठेवली, आणि टक्क असा आवाज झाला. तिसऱ्या फाट्याच्या बाजूने चौथ्याच्या पलीकडे सरळ तडा गेला होता.

मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि ते पाहून तिला रडूच यायला लागलं.

“मी सांगितलं होतं,” ते म्हणाले.

पंपकाका मात्र भट्टीत डोकं घालून उभे होते. “मास्तर, ही भट्टी पूर्वी दार उघडलं की तोंडावर यायची. काल मी दार उघडलं तर तेवढी झळ लागली नाही. मला हिचा भरवसा वाटत नाही.” त्यांनी वरून आपला तापमापक आणला, त्याची तार भट्टीत सोडली आणि तासाभराने आकडा वाचला. भट्टीची तबकडी दाखवत होती त्यापेक्षा आतलं तापमान साठ अंशांनी कमी होतं. नळीतला ताण निघालाच नव्हता.

“म्हणजे हात नव्हे?” मास्तरांनी विचारलं.

“हात कसला! सांधे बघा की तुमचे. तडा सांध्यातून गेलाच नाही, बाजूने गेलाय.”

मास्तर उठले. त्यांनी तुटकी नळी उजेडाकडे धरली, तडा बोटाने चाचपला, एकेक सांधा फिरवून पाहिला. मग चष्मा खिशातून काढून पुन्हा नाकावर चढवला. “काका, ती तबकडी आधी दुरुस्त करा. शहाणे, नवी नळी उचल. आणि या खेपेला फुंकताना गाल फुगवू नकोस, बेडकी दिसतेस.”

दुसरी नळी दहा दिवसांनी तयार झाली. आता प्रकाश गाळणाऱ्या दोन पडद्यांमध्ये धरून तिने ती टोकापासून टोकापर्यंत तपासली. ताण असला की तिथे रंगीत पट्टे उमटतात. एकही उमटला नाही.

नळी जागेवर बसली त्या दिवशी मास्तर वर प्रयोगशाळेत आले. आणि तेव्हा तिला कळलं की पस्तीस वर्षं नळ्या करूनही त्यांनी एकही नळी चालू असताना पाहिली नव्हती. सामान तळघरात करायचं, पोचतं करायचं, संपलं. तिने खिडक्यांवर काळं कापड ओढलं आणि त्यांना नळीच्या मोजणीच्या टोकाशी बसवलं.

“आधी ऑक्सिजनचे सुटे अणू किती आहेत ते मोजायचं. डोळ्यांनीच.” तिने नायट्रोजन सोडून त्याचे रेणू फोडले आणि अख्ख्या नळीत जर्दाळूच्या रंगाची झळाळी भरली. मास्तर पुढे सरकले. तिने दुसऱ्या वायूची, नायट्रिक ऑक्साइडची, तोटी किंचित उघडली. रंग फिका झाला, मग निळसर झाला, मग जांभळा. आणखी अर्धा वेढा दिला आणि नळी एकदम काळी झाली. आणखी थोडा दिला तर हिरवट उजळली.

“तो काळोख झाला ना, तोच आकडा,” ती म्हणाली. “नायट्रोजनचा एकेक सुटा अणू या वायूतला ऑक्सिजनचा एकेक अणू सोडवतो. त्या क्षणी जेवढा वायू सोडला, तेवढेच ऑक्सिजनचे अणू.”

“परत कर.”

तिने परत केलं. त्यांनी तिसऱ्यांदा करायला लावलं. तिसऱ्या खेपेला तोटी त्यांनी स्वतः फिरवली, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, आणि काळोखावर बरोबर थांबले.

“आणि ती तुझी थरथरणारी जोडी?”

“ती दिसत नाही. थंड केलेला शोधक लागतो तिला.”

“तिची थरथर मोजायला एवढा सरंजाम, आणि माझी चहाच्या कपात कळते,” मास्तर म्हणाले, आणि अंधारात दोघं मोठ्याने हसली. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, “डॉक्टरांची वेळ घे. तू चल बरोबर.”

पुढचे दोन महिने ती रोज सकाळी आधी भिंतीचा वाटा मोजी, मग बाकीचं. नळी आता नुसत्या शुद्ध पाण्याने आणि सौम्य आम्लाने धुतली जायची. पहिल्या आठवड्यात आकडा आला तो जुन्या आकड्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी. दुसऱ्या आठवड्यात तेवढाच. पाचव्या आठवड्यातही तेवढाच आला तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मग मास्तरांनी मूळ मापाची एक अरुंद नळीही करून दिली. तिच्यात भिंतीचा वाटा अपेक्षेप्रमाणे जास्त निघाला, आणि तो वजा केल्यावर उरला आकडा पुन्हा तोच. सरांनी दोन्ही आलेख एकावर एक धरून खिडकीला लावले आणि एकही सूचना न करता परत दिले. त्यांच्या बाबतीत हे फारच झालं.

डॉक्टरांनी मास्तरांना हात लांब करायला लावला, रेघा काढायला लावल्या, चालायला लावलं. शेवटी म्हणाले, “तुम्हाला ज्याची भीती वाटतेय तो हा आजार नाही. हा नुसता कंप आहे. पुष्कळांना वयाबरोबर येतो. गोळ्यांनी पूर्ण जाणार नाही, पण कमी होईल.” मास्तर जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, “तीन वर्षं मी ही भीती उगाच घरात बांधून ठेवली होती.” घरी आल्या आल्या त्यांनी पूर्ण भरलेला चहा मागितला आणि थोडा बशीत सांडला. आईने बशी बघितली, त्यांच्याकडे बघितलं आणि स्वतःचा कपही काठोकाठ भरून घेतला.

लेख गेला. जुनी चूक कशी झाली याचा एक परिच्छेद तिने स्वतःहून घातला होता. तो काढावा का, असं सरांनी विचारलं नाही. आकाशातला तो मंद प्रकाश मोजणाऱ्या एका गटाने लेख छापून आल्यावर महिन्याभरात पत्र पाठवलं. त्यांच्या हिशेबातली एक गोष्ट कित्येक वर्षं जुळत नव्हती, नव्या आकड्याने ती बरीच जवळ आली होती. आता हीच जोडी कार्बन डायऑक्साइडवर आदळली तर किती वेगाने निवते, ते मोजून द्याल का, अशी त्यांची विचारणा होती. त्या पत्राच्या जोरावर सरांनी तिची नेमणूक आणखी दोन वर्षं वाढवून घेतली. आणि तळघराला आठवड्यातून तीन दिवसांसाठी काचमास्तर परत मिळाले. धातूच्या कामशाळेतली लेथवाली त्यांच्या हाताखाली काच शिकायला आली. पहिल्याच दिवशी तिने सहा नळ्या फोडल्या आणि मास्तर खूश झाले, कारण त्यांनी स्वतः पहिल्या दिवशी नऊ फोडल्या होत्या.

कार्बन डायऑक्साइडसाठीच्या नळीचं रेखाटन घेऊन ती खाली आली तेव्हा बाकाशी वाद रंगला होता.

“आठवा फाटा पंपाच्या बाजूला हवा,” पंपकाका म्हणत होते.

“पंपाच्या बाजूला दिला तर मला फुंकायला जागा कुठे?” मास्तर म्हणाले. “आण ते रेखाटन. आणि शहाणे, हात धुऊन ये आधी. साध्या पाण्याने.”